इंडोनेशियात लष्कर परत का आलं नाही?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: लष्करशहा सुहार्तोंच्या पाडावानंतर इंडोनेशियात पूर्व तिमोर वेगळा झाला, बालीत स्फोट झाले, आचे प्रांतात बंड पेटलेलं होतं, तरीही तिथली लोकशाही कोलमडली कशी नाही? लष्कराने सत्ता परत का घेतली नाही? आचेतली शांतता त्सुनामीमुळे आली असं बहुतेक नोट्समध्ये असतं, ते खरं आहे का? आणि यातलं काश्मीरला काही लागू पडतं का?

आग्नेय आशियातल्या निवडणुकांचं निरीक्षण आणि संघर्षांचा अभ्यास हेच माझं बरीच वर्षं काम आहे, आणि आचेत मी प्रत्यक्ष काम केलेलं आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहितो. परीक्षेच्या उत्तराला एवढं लागणार नाही, पण अर्धवट माहितीवर पाठ केलेलं उत्तर मुलाखतीत पहिल्याच उपप्रश्नाला उघडं पडतं.

माझं मत आधीच सांगतो. दहशतवाद आणि फुटीरतावाद एकाच वेळी अंगावर आले की बहुतेक सरकारं दोन्हींना 'देशाच्या सुरक्षेला धोका' असं एकच नाव देऊन लष्कराच्या हाती सोपवतात. इंडोनेशियाने, काही अक्कलहुशारीने आणि काही योगायोगाने, दोन्हींची वाट वेगळी केली. बॉम्बवाले पोलीस आणि न्यायालयाकडे गेले, आचे अखेरीस राजकारण्यांकडे गेलं. आणि नेमक्या त्याच काळात निवडणुकीचे नियम असे बदलले की या दोन्ही निर्णयांत लष्कराचा आवाज कमी झाला. या तिसऱ्या गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

सुहार्तोंच्या काळात लष्कर फक्त सीमेवर नव्हतं. 'दुहेरी भूमिका' हा त्यांचा अधिकृत सिद्धांत होता. लष्कराने देशाचं रक्षणही करायचं आणि राज्यही चालवायचं. संसदेत गणवेशातले अधिकारी नेमणुकीने बसायचे. पोलीस लष्कराचाच एक भाग होते. मे १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले आणि बी. जे. हबीबी राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांची कारकीर्द दीड वर्षाचीही नव्हती, पण त्यांनी केलेल्या दोन गोष्टींची फळं पुढे अनेक वर्षं मिळाली. जून १९९९ मध्ये १९५५ नंतरची पहिली मोकळी निवडणूक झाली, ४८ पक्ष उतरले. आणि त्याच वर्षी पोलीस दल लष्करापासून वेगळं करायला सुरुवात झाली. तिमोरच्या सार्वमताचा निर्णयही हबीबींचाच. ३० ऑगस्ट १९९९ ला साडेअठ्ठ्याहत्तर टक्के लोकांनी वेगळं होण्याच्या बाजूने मत दिलं, आणि त्यानंतर लष्कराच्या आशीर्वादाने चाललेल्या टोळ्यांनी जी जाळपोळ केली तिने लष्कराची जगभर नाचक्की झाली. देशात मात्र उलटा परिणाम झाला. 'तिमोर गेलं, आता आणखी एक इंच जाऊ देणार नाही' ही भावना घट्ट झाली, आणि तिचे चटके आचेने सोसले.

राष्ट्राध्यक्ष मात्र तेव्हाही जनता निवडत नव्हती. ते काम सर्वोच्च प्रतिनिधी सभा (एमपीआर) करायची. मेगावती सुकर्णोपुत्रींच्या पक्षाला १९९९ मध्ये सर्वाधिक, सुमारे ३४ टक्के मतं मिळाली, तरी सभेतल्या जोडतोडीत राष्ट्राध्यक्ष झाले अब्दुर्रहमान वाहिद. जुलै २००१ मध्ये त्याच सभेने त्यांना काढलं आणि मेगावतींना बसवलं. जिला सभा बसवते तिला सभा उठवूही शकते, आणि त्या सभेत लष्कराची मतं होती. त्यामुळे कोणताही राष्ट्राध्यक्ष सेनापतींना दुखवायला कचरायचा.

१९९९ ते २००२ या काळात चार घटनादुरुस्त्या झाल्या. राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक आली, संसदेतल्या लष्कर-पोलिसांच्या राखीव जागा २००४ पासून रद्द झाल्या (तेव्हा कनिष्ठ सभागृहात त्या ३८ उरल्या होत्या), आणि २००३ मध्ये घटना न्यायालय उभं राहिलं. एवढ्या मोठ्या बदलासाठी कुणी क्रांती केली नाही. वाहिद प्रकरणाने सगळ्याच पक्षांना धडकी भरली होती, आज त्यांच्यावर आलं ते उद्या आपल्यावर येईल. स्वतःच्या बचावासाठी केलेल्या कायद्यातून कधीकधी चांगली व्यवस्था तयार होते, त्याचं हे उदाहरण.

आता बॉम्बकडे. १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री बालीत कुटा इथल्या दोन नाइटक्लबांत स्फोट झाले आणि २०२ माणसं गेली. त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन होते. आपल्याकडे बाली म्हणजे हनिमूनचं पॅकेज, पण त्या वर्षी बालीची हॉटेलं अक्षरशः रिकामी पडली होती. करणारी संघटना जेमाह इस्लामिया. ती १९९३ मध्ये मलेशियात परागंदा असलेल्या अब्दुल्ला सुंगकर आणि अबू बकर बशीर या दोघांनी स्थापली. तिची मुळं आणखी जुनी, १९४९ मध्ये इस्लामी राज्य जाहीर करून सुमारे तेरा वर्षं लढलेल्या दारुल इस्लामच्या बंडात. हे महत्त्वाचं आहे, कारण ही संघटना अल-कायदाची नुसती शाखा होती असं लिहिलं जातं. पैसा आणि प्रशिक्षणाचे धागे होते, अफगाणिस्तानात शिकलेली माणसंही होती, पण तिची भाषा, तिचे मदरसे, तिची सोयरीक हे सगळं जावाच्या मातीतलं होतं. म्हणूनच तिच्यापर्यंत पोहोचायला जावाच्या गल्ल्या ओळखणारा पोलीस लागला.

स्फोटाआधी सरकारचा पवित्रा काय होता? 'आमच्याकडे असलं काही नाही.' उपराष्ट्राध्यक्ष हमझा हाझ तर बशीर यांच्या न्ग्रुकी इथल्या मदरशाला भेट देऊन आले होते. स्फोटानंतर तपास बालीचेच असलेले पोलीस अधिकारी मादे पास्तिका यांच्याकडे गेला. ऑस्ट्रेलियन पोलीस मदतीला होते, पण हात इंडोनेशियन पोलिसांचे. उद्ध्वस्त मित्सुबिशी व्हॅनच्या एका तुकड्यावरचा ठोकलेला नंबर सापडला, त्यावरून मालकांची साखळी उलगडत गेली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्व जावातून अमरोझी हाती लागला. पुढे त्याचा भाऊ मुखलास, इमाम समुद्र, असे एकेक. खटले उघड्या न्यायालयात चालले, टीव्हीवर दिसले. इंडोनेशियन माणसाने आपलाच शेजारी कोर्टात हसत हसत कबुली देताना पाहिला आणि 'हे सगळं अमेरिकेचं कारस्थान' या दाव्यातली हवा निघून गेली. मला वाटतं, पकडलेल्या माणसांना गुपचूप कुठेतरी डांबलं असतं तर हे कधीच झालं नसतं. याच संघटनेचा म्होरक्या हांबाली याचं उदाहरण घ्या. तो ऑगस्ट २००३ मध्ये थायलंडमध्ये पकडला गेला आणि अमेरिकेच्या ताब्यात गेला. जावातल्या लोकांना त्याचा खटला कधी पाहायला मिळाला नाही.

कायद्याची एक गंमत इथे सांगायलाच हवी. बालीनंतर सरकारने अध्यादेश काढून दहशतवादविरोधी कायदा केला आणि तो मागच्या तारखेने बालीच्या स्फोटालाही लावला. एका आरोपीने त्याला आव्हान दिलं. नव्या कोऱ्या घटना न्यायालयाने जुलै २००४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला: मागच्या तारखेने लावणं घटनाबाह्य. जगभर आरडाओरडा झाला की आता बॉम्बवाले सुटणार. सुटले नाहीत, आधीच्या शिक्षा टिकल्या. अमरोझी, मुखलास आणि इमाम समुद्र यांना नोव्हेंबर २००८ मध्ये गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. पण सरकारविरुद्ध, दहशतवादाच्याच प्रकरणात, वर्षभराचं न्यायालय उभं राहू शकतं हे लोकांनी पाहिलं.

दरम्यान पोलिसांतलं विशेष पथक, देन्सुस ८८, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या पैशाने आणि प्रशिक्षणाने उभं राहिलं. यावरही लष्कराची नाराजी होती, कारण दहशतवादविरोधी काम म्हणजे निधी आणि प्रतिष्ठा, आणि दोन्ही आता कालपर्यंत हाताखाली असलेल्या पोलिसांकडे चाललं होतं. देन्सुसवर संशयितांना जिवंत पकडण्याऐवजी मारल्याचे आणि छळाचे आरोप झाले आणि त्यांतले सगळेच खोटे नव्हते. त्यांची दुसरी बाजू फारशी माहीत नसते. पकडलेल्या माणसाशी ते बोलायचे. त्याच्याबरोबर नमाज पढायचे, बायकोमुलांचा खर्च बघायचे, मुलांच्या शाळेची फी भरायचे. जेमाह इस्लामियाचा एक प्रादेशिक प्रमुख राहिलेला नासिर अब्बास २००३ मध्ये पकडला गेल्यावर याच वागणुकीने फिरला आणि पुढे पोलिसांबरोबर काम करू लागला. नागरिकांची कत्तल त्याला आधीपासूनच पटत नव्हती. संघटनेत फूट होती, ती पोलिसांनी ओळखली. लष्करी मोहीम असती तर ती फूट बुजली असती.

स्फोट थांबले नाहीत. ऑगस्ट २००३ मध्ये जकार्तातलं मॅरियट, ९ सप्टेंबर २००४ ला ऑस्ट्रेलियन दूतावास, ऑक्टोबर २००५ मध्ये पुन्हा बाली. यांतल्या दूतावासाच्या तारखेवर जरा थांबा. राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या थेट निवडणुकीची निर्णायक फेरी २० सप्टेंबरला होती, म्हणजे अकरा दिवसांवर. त्याच वर्षी मार्चमध्ये माद्रिदच्या गाड्यांत स्फोट झाले होते आणि तीन दिवसांनी स्पेनचं सरकार पडलं होतं. जकार्तात सगळ्यांच्या मनात तेच. निवडणूक पुढे ढकला, लष्कराला रस्त्यावर आणा, अशी मागणी सहज उठू शकली असती. तसं काही झालं नाही. सुमारे १५ कोटी मतदार, साडेपाच लाखांहून अधिक मतदान केंद्रं, आणि दिवस शांतपणे पार पडला.

निकाल असा: सुसिलो बाम्बांग युधोयोनो सुमारे ६१ टक्के, मेगावती ३९. युधोयोनो निवृत्त जनरल, मेगावतींच्याच मंत्रिमंडळात राजकीय आणि सुरक्षा समन्वयमंत्री. मार्चमध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले होते आणि त्यांच्या नव्या डेमोक्रॅट पक्षाला एप्रिलच्या संसदीय निवडणुकीत जेमतेम साडेसात टक्के मतं होती. जुनी पद्धत असती तर एवढ्याशा पक्षाचा माणूस राष्ट्राध्यक्ष झालाच नसता.

ही निवडणूक दहशतवादावर लढली गेली नाही. भाव, नोकऱ्या आणि भ्रष्टाचार हे तिचे विषय होते. दहशतवादच नाही म्हणणारे हमझा हाझ पहिल्या फेरीत ३ टक्क्यांवर आटोपले. एप्रिलमध्ये जो इस्लामी पक्ष जोरात वाढला, त्या पीकेएसने शरियतचा गजर बाजूला ठेवून 'स्वच्छ आणि काळजी घेणारा' पक्ष म्हणून मतं मागितली आणि ७ टक्क्यांच्या वर गेला. धर्माच्या राजकारणाला मतपेटीची दारं उघडी होती, त्यामुळे बॉम्बवाल्यांचा 'दुसरा मार्गच नाही' हा युक्तिवाद त्यांच्याच ओळखीपाळखीच्या लोकांत चालेना. इस्लामी पक्षांवर बंदी घाला म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

त्याच सप्टेंबरमधली एक गोष्ट मात्र या चित्रावर डाग आहे आणि ती लपवून उत्तर पूर्ण होत नाही. ७ सप्टेंबरला, दूतावासाच्या स्फोटाच्या दोन दिवस आधी, मानवाधिकार कार्यकर्ते मुनीर यांचा ॲम्स्टरडॅमला जाणाऱ्या विमानात आर्सेनिकने खून झाला. एका वैमानिकाला शिक्षा झाली, आदेश कुणाचा हे न्यायालयात सिद्ध झालं नाही. जुनी यंत्रणा संसदेतून गेली, देशातून गेली नव्हती.

आता आचे. सुमात्राच्या वायव्य टोकाचा हा प्रांत. एकेकाळची स्वतंत्र सल्तनत, डचांनी १८७३ मध्ये चढाई केली आणि तीन दशकं लढूनही त्यांना ती नीट पचली नाही. स्वातंत्र्यानंतर आचेनी मंडळींनी प्रजासत्ताकाला मनापासून साथ दिली आणि बदल्यात त्यांचा प्रांत उत्तर सुमात्रात विलीन केला गेला. १९५३ मध्ये पहिलं बंड झालं. १९७१ मध्ये ल्होकसुमावेजवळ अरुण इथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. पैसा जकार्ताला गेला, नोकऱ्या बाहेरच्यांना मिळाल्या. ४ डिसेंबर १९७६ ला हसन दि तिरो यांनी आचेचं स्वातंत्र्य जाहीर केलं. ही आचे स्वातंत्र्य चळवळ, तिथल्या भाषेतल्या आद्याक्षरांवरून 'गाम'. दि तिरो पुढे स्टॉकहोमला गेले आणि तिथून चळवळ चालवत राहिले. १९८९ नंतर दहा वर्षं आचे लष्कराच्या मोहिमेचं क्षेत्र होतं. माणसं गायब झाली, गावं जळाली. एकूण तीस वर्षांत सुमारे पंधरा हजार माणसं मेली असा सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो.

दहशतवादी आणि गाम यांत फरक काय? हा प्रश्न मला दर व्याख्यानात येतो. गामनेही खंडण्या घेतल्या, अपहरणं केली, जावाहून आलेल्या वस्तीकरांना हुसकावलं. साधू नव्हते ते. पण त्यांची मागणी जमिनीच्या एका तुकड्यापुरती होती, त्यांना गावागावांत आधार होता आणि त्यांच्याशी बोलता येत होतं. जेमाह इस्लामियाला सगळा प्रदेशच इस्लामी राज्य करायचा होता, तिथे तडजोडीचा मुद्दाच नव्हता. गामला जेमाह इस्लामियाशी नातं नको होतं. आपण राष्ट्रवादी आहोत, जिहादी नाही, असं ते वारंवार सांगायचे आणि अमेरिकेने त्यांना आपल्या दहशतवाद्यांच्या यादीत घातलं नाही.

मेगावतींच्या काळात जकार्ताला हा फरक करायचा नव्हता. डिसेंबर २००२ मध्ये जिनिव्हातल्या एका मध्यस्थ संस्थेने युद्धबंदी घडवली, पण ती काही महिन्यांतच मोडली. १९ मे २००३ ला आचेत लष्करी कायदा लागू झाला आणि तिमोरवरच्या चढाईनंतरची सर्वांत मोठी मोहीम सुरू झाली. गाम खरोखर मोडकळीला आली. ही गोष्टही नोट्समध्ये नसते. गाम हेलसिंकीच्या वाटाघाटींना आली तेव्हा लष्करीदृष्ट्या तिचा श्वास लागला होता. पण लष्करी विजय म्हणजे शांतता नव्हे, हे जकार्तात दोन माणसांना कळत होतं. एक युधोयोनो आणि दुसरे त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष युसुफ काल्ला.

काल्ला हे सुलावेसीचे व्यापारी. पोसो आणि मालुकूमधल्या ख्रिस्ती-मुस्लिम दंगलींत त्यांनी २००१-०२ मध्ये मालिनो इथे दोन समझोते घडवून आणले होते. त्यांची शैली व्यापाऱ्याची: समोरच्याला नेमकं काय हवंय ते आधी खाजगीत विचारायचं, तत्त्वांचं भांडण नंतर. आचेच्या बंडखोरांपर्यंत त्यांचे दूत त्सुनामीच्या आधीच पोहोचले होते आणि फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्या मध्यस्थीची बोलणीही आधीच सुरू होती.

म्हणजे तुमच्या नोट्समधलं वाक्य अर्धं खरं आहे. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेने इंडोनेशियात सुमारे १ लाख ७० हजार माणसं नेली, बहुतेक सगळी आचेतली. बंद प्रांत जगाला उघडावा लागला, परदेशी मदतपथकं आली आणि दोन्ही बाजूंना मागे हटायला प्रतिष्ठेचं कारण मिळालं. पण हीच लाट श्रीलंकेलाही लागली होती. तिथे मदत वाटपाच्या समझोत्यावरच भांडण झालं, २००६ मध्ये युद्ध पुन्हा भडकलं आणि मे २००९ पर्यंत चाललं. मग फरक कशाचा होता? जकार्तात जनतेने थेट निवडलेला, ६१ टक्क्यांचा राष्ट्राध्यक्ष होता. काल्ला डिसेंबर २००४ मध्ये, लाटेच्या काही दिवस आधी, संसदेतला सर्वांत मोठा पक्ष गोलकर याचे अध्यक्ष झाले होते, त्यामुळे संसदेत कराराची कोंडी होणार नव्हती. आणि लष्कराचं काय? मेगावतींनी जाता जाता कडव्या भूमिकेच्या रियामिझार्द रियाचुदू यांना सरसेनापती करण्याचा प्रस्ताव पाठवला होता. युधोयोनोंनी येताच तो मागे घेतला. सेनापतींची संसदेत मतं उरली नव्हती, म्हणून हे पचलं. निवडणूक-सुधारणा आणि आचेची शांतता यांचा सांधा मला इथे दिसतो.

हेलसिंकीजवळ जानेवारी ते जुलै २००५ मध्ये पाच फेऱ्या झाल्या. जकार्ताच्या बाजूने कायदामंत्री हमीद अवालुद्दिन, गामच्या बाजूने मलिक महमूद. फेब्रुवारीच्या फेरीत गामने स्वातंत्र्याऐवजी 'स्वशासन' हा शब्द स्वीकारला. त्यानंतर घोडं अडलं ते पक्षांवर. इंडोनेशियाच्या कायद्याप्रमाणे राजकीय पक्षाला किमान निम्म्या प्रांतांत अस्तित्व लागायचं. प्रादेशिक पक्ष म्हणजे फुटीरपणा, अशी जकार्ताची १९५० च्या दशकातल्या बंडांपासूनची धारणा. आपल्याला हे विचित्र वाटेल, आपल्याकडे प्रादेशिक पक्षांवाचून राजकारणाची कल्पनाच होत नाही. गामचं म्हणणं सरळ होतं: बंदुका टाकायच्या तर आमचा माणूस निवडणुकीला उभा कसा राहणार? शेवटी जकार्ताने फक्त आचेपुरती स्थानिक पक्षांना परवानगी दिली. १५ ऑगस्ट २००५ ला सही झाली.

कराराची कलमं हिशेबी होती. गामने ३ हजार लढवय्ये आणि ८४० हत्यारं जाहीर करायची. त्याच टप्प्यांत लष्कर आणि पोलिसांनी बाहेरून आणलेली कुमक काढायची, मागे १४,७०० सैनिक आणि ९,१०० पोलीस ठेवायचे. नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा आचेला. देखरेख युरोपीय संघ आणि आसियानच्या पाच देशांची. हत्यारं खरोखर जनतेसमोर करवतीने कापली गेली आणि डिसेंबर २००५ संपायच्या आत काम पुरं झालं. कोट्यवधी डॉलर ओतलेल्या कितीतरी शांतता-मोहिमांत इतकी शिस्त दिसत नाही.

मग ११ डिसेंबर २००६ ची निवडणूक. स्थानिक पक्ष अजून तयार नव्हते, म्हणून अपक्षांना उभं राहू दिलं गेलं, देशात पहिल्यांदाच. गामचे स्टॉकहोममधले म्हातारे एका प्रस्थापित पक्षाच्या उमेदवारामागे गेले, रानात लढलेल्या कमांडरांनी इरवांदी युसुफ यांना उभं केलं. हे पेशाने पशुवैद्य, अमेरिकेत शिकलेले, बंडाच्या गुन्ह्यात तुरुंगात होते आणि लाटेने तुरुंगाची भिंत पाडली तेव्हा निसटले. जकार्तातल्या बहुतेक जाणकारांनी त्यांना मोजलंच नव्हतं.

मतमोजणी तिथे केंद्रावरच, लोकांसमोर होते. त्या दिवशी मी एका शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. तेव्हा तिथे शिक्का नसायचा, मतपत्रिकेवर दोरीला बांधलेल्या खिळ्याने भोक पाडायचं. मोजणीला केंद्रप्रमुख प्रत्येक पत्रिका उजेडासमोर धरून भोक दाखवायचा, नाव पुकारायचा, उमेदवारांचे प्रतिनिधी 'साह', म्हणजे वैध, असा होकार द्यायचे आणि फळ्यावर रेघ पडायची. व्हरांड्याबाहेर पोरंसोरं, बायका, आणि कालपर्यंत एकमेकांवर बंदूक रोखलेली माणसं रेघा मोजत होती. निकालाबद्दल शंका घ्यायला जागाच राहत नव्हती, कारण प्रत्येक गावाला आपल्या केंद्राचा आकडा रात्रीच तोंडपाठ होता. संघर्षातून निघालेल्या भागात मोजणी दूरच्या तालुक्याला नेऊ नका, हा सल्ला मी तेव्हापासून प्रत्येक निवडणूक आयोगाला देतो. (केंद्रनिहाय मत उघड झाल्याने गावाला नंतर धमकावता येतं, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे आणि २०१२ मध्ये आचेतच त्याचा थोडा अनुभव आला.)

इरवांदी ३८ टक्के मतं मिळवून पहिल्याच फेरीत निवडून आले. २००७ मध्ये घटना न्यायालयाने विचारलं की अपक्ष आचेत चालतात तर इतरत्र का नाहीत, आणि हा हक्क देशभर गेला. बंडखोरांना दिलेली सवलत सगळ्या देशाची सुधारणा झाली. २००९ मध्ये माजी बंडखोरांच्या पार्ताई आचे या पक्षाने प्रांतिक विधानसभेत ६९ पैकी ३३ जागा घेतल्या. आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला आचेने युधोयोनोंना ९३ टक्के मतं दिली. दहा वर्षांपूर्वी बंडाच्या बालेकिल्ल्यांत मतदान जवळजवळ झालंच नव्हतं.

दोन्ही धागे २०१० मध्ये एकत्र आले. विखुरलेल्या जिहादी गटांनी दुलमातिनच्या नेतृत्वाखाली आचेच्या जांथो भागातल्या जंगलात प्रशिक्षण तळ काढला. हिशेब असा की शरियत लागू असलेला, बंडाची परंपरा असलेला प्रांत आपल्याला आसरा देईल. आसरा मिळाला नाही. फेब्रुवारीत पोलिसांनी तळ उधळला, माजी गाम लढवय्यांनी त्यांना साथ द्यायचं साफ नाकारलं. मार्चमध्ये दुलमातिन जकार्ताजवळ मारला गेला आणि या तळाला पैसा पुरवल्याबद्दल बशीर यांना २०११ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. जेमाह इस्लामियाच्या वरिष्ठांनी ३० जून २०२४ ला संघटना विसर्जित केल्याचं स्वतःच जाहीर केलं. मधल्या काळात आयसिसच्या नावाने नवे गट आले, मे २०१८ मध्ये सुराबायाच्या चर्चांवर आई-बाप मुलांना घेऊन स्फोट करायला गेले, तेव्हा विषय संपला असं मी म्हणणार नाही.

यश मोजताना उधारीही मोजा. हेलसिंकी करारात मानवाधिकार न्यायालय आणि सत्य आयोग होते. न्यायालय झालंच नाही, आयोग २०१६ मध्ये कसाबसा सुरू झाला. कमांडर ठेकेदार झाले. इरवांदी २०१७ मध्ये पुन्हा निवडून आले आणि पुढच्याच वर्षी स्वायत्तता निधीतल्या लाचेसाठी पकडले गेले. भरपूर पैसा येऊनही आचे सुमात्रातल्या सर्वांत गरीब प्रांतांत राहिला. शरियतच्या फटक्यांच्या शिक्षा तिथे जाहीर दिल्या जातात. माझ्या अंदाजाने जकार्ताला ही सवलत स्वस्त वाटली म्हणून दिली गेली, गामची ती मुख्य मागणी कधीच नव्हती. आणि पापुआ! त्यालाही २००१ मध्ये विशेष स्वायत्तता मिळाली, पण स्थानिक पक्ष मिळाले नाहीत, तिसरा मध्यस्थ मिळाला नाही, सैन्य हटलं नाही. २०२२ मध्ये प्रांताचे आणखी तुकडे पाडले गेले, गोळीबार अजून चालू आहे. त्याच देशाने, त्याच राज्यघटनेखाली, अर्धं औषध दिलं आणि ते लागू पडलं नाही.

लष्कर परत आलं का? रणगाडे घेऊन नाही. पण २०२४ मध्ये माजी विशेष दल अधिकारी प्रबोवो सुबियांतो ५८ टक्के मतांनी निवडून आले, आणि मार्च २०२५ मध्ये लष्करी कायदा बदलून सेवेतल्या अधिकाऱ्यांना आणखी मुलकी खात्यांत बसायची मुभा मिळाली. विद्यार्थी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. २००२ च्या दुरुस्त्यांनी बंद केलेलं दार मागच्या बाजूने किती उघडतं यावर आमच्यासारख्यांचं सध्या लक्ष आहे.

काश्मीरचं विचारलंत. तिथे शेजारी देशाचा हात, दोन देशांचा दावा, सीमेपलीकडचा तळ हे सगळं आहे. आचेत यातलं काहीच नव्हतं, म्हणून ती तुलना उत्तरात टाळा. तुलना करायचीच तर मिझोरमशी करा. १९८६ च्या करारानंतर लालडेंगा बंडखोरातून थेट मुख्यमंत्री झाले, लगेच निवडणूक लढवून जिंकले, आणि त्यांच्या पक्षाने पुढेही सत्ता मिळवली आणि गमावली. आचेत मुझाकिर मनाफ हे गामच्या सशस्त्र दलाचे शेवटचे सेनापती, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले आहेत. आचेला मिळणारा विशेष स्वायत्तता निधी सध्याच्या कायद्यानुसार २०२७ मध्ये संपतो, आणि तो वाढवून घेण्यासाठी ते जकार्ताच्या कचेऱ्यांत फेऱ्या मारतायत.